पाचशेचे तेराशे छप्पन

८ मे १९६१, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटवर युनियनची सभा, बोलणारा मी. उन्हात चारशे तरी माणसं, कुणी हललं नाही.
लोहारखान्यात नवा तक्ता लागलाय. भट्टीसमोर माणसानं किती आंच सोसायची त्याची हद्द जुन्या तक्त्यावर पाचशे होती, नव्यावर १३५६. म्हणे मेट्रिक. काल घरी हिशेब केला होता: उष्णतेच्या जुन्या बीटीयूच्या नव्या किलोकॅलरी करायला साधारण पाव पट. पाचशेच्या १२६ व्हायला हव्यात. "साथियों, दस गुनी आग! और नाम दिया है मीट्रिक!" आवाज असा लागला की यार्डातले लोकही थांबले.
तक्ता ड्रॉइंग ऑफिसातल्या त्र्यंबकरावांचा. शहरातल्या लक्ष्मी गेट वस्तीतले, इथल्या जुन्या मराठी घरातले. गर्दीतून हात वर करून काही सांगत होते. मी म्हणालो, "बाबूजी, पंखे के नीचे से आग नहीं नापी जाती." हशा. त्यांचा हात खाली गेला.

९ मे, मंगळ
लोकांनी तक्ता फाडला. त्र्यं.ना ऑफिसाबाहेर गाठलं, तुकडे त्यांच्याच टोपीत भरले आणि ती डोक्यावर ठेवून गेटपर्यंत चालवलं. मी तिथे नव्हतो. असतो तरी अडवलं नसतं, हे निदान इथे लिहावं.
मोठ्या भट्टीवरचा रामसेवक तेवढा गप्प होता. विचारलं तर म्हणाला, "भैया, आँच तौ उत्तई है जित्ती हती." होती तेवढीच आहे म्हणे. मी त्याला शोषणाची प्रक्रिया समजावली. वीस मिनिटं. त्यानं ऐकून घेतली आणि पाणी प्यायला गेला.

११ मे, गुरु
पत्रक छापायचं म्हणून आकडे पुन्हा मांडायला बसलो. जुन्या तक्त्याची नक्कल शेजारी. जुन्यावर दर चौरस फूट, दर तास. नव्यावर दर चौरस मीटर, दर तास. हे मी आधीही वाचलं होतं. वाचलं होतं म्हणजे डोळे फिरवले होते.
खडू घेतला. फरशीवर एक फुटाचा चौकोन काढला, त्याच्याभोवती एक मीटरचा. आतला अगदी कोपऱ्यात बसला. आणखी काढत गेलो. तीन उभे, तीन आडवे, कडेनं पट्टी उरतेच. ती धरून पावणेअकरा.
मालती दारात येऊन म्हणाली, "भर उन्हाळ्यात रांगोळी? दिवाळीत तर पाठ दुखत होती तुमची."
१२६ गुणिले १०.७६. तीनदा केलं. १३५६.
उष्णतेचं माप बदललं मी. जागेचं बदलायचं राहिलं. आंच तीच. रामसेवकला ती छातीवर कळत होती, मला मात्र...

१४ मे, रवि
लक्ष्मी गेटला गेलो. माफी मागायला. दोन वाक्यं पाठ होती.
"उन्हात कशाला निकललात, भैया? बसा, बसा." पन्हं आलं. खुंटीवर टोपी होती, धुतलेली.
तेच म्हणाले, "तक्त्याबरोबर दिलेल्या माझ्या नोटचं दुसरं पान वाचलंत का? मोठ्या भट्टीसमोरचं माप एकोणीसशे आलंय. हद्दीच्या वर. पडदा लावावा, पाळ्या छोट्या कराव्यात, असं लिहिलंय मी. त्या दिवशी तेच सांगत होतो."
ती नोट माझ्या खिशात होती. सभेच्या दिवशीही होती. दोन्ही पानं.
मी म्हणालो, "वाचतो." मग म्हणालो, "यंदा ऊन फार आहे."
"बीनाच्या ऑफिसात जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "बदलीचा अर्ज दिलाय." आत भांड्यांचा आवाज थांबला.
पन्ह्याचा पेला रिकामा करून निघालो. चारशे माणसांसमोर कधी शब्द अडला नाही.

१५ मे, सोम
युनियनचे सेक्रेटरी शुक्लजी: "भाईसाहब, नेता से गलती होती है, नेता बोलता नहीं. दूसरा पन्ना उठाइए, पर्दे की माँग कीजिए. आग भी आपकी, पर्दा भी आपका."
तसं भाषण लिहून काढलं. फार चांगलं झालं. वाचताना माझंच मला भरून आलं, तेव्हा फाडलं.

१७ मे, बुध
गेट. स्टुलावर चढलो नाही. खडूनं जमिनीवर मीटरचा चौकोन काढला, आत फुटाचे चौकोन भरले आणि म्हणालो, चूक माझी, तक्ता बरोबर होता. मागून कुणी ओरडलं, "सुनाई नहीं दे रहा!" पुन्हा म्हणालो. "साहब ने कितने में खरीदा?" तेही ऐकलं. दुसरं पान वाचून दाखवलं तोवर निम्मे पांगले होते. दसगुन्या आगीसाठी थांबले होते, पावणेअकरा चौकोनांसाठी कोण थांबतो.
रामसेवक उकिडवा बसून बोटानं चौकोन मोजत होता. दोनदा मोजले. "बाबूजी ठीक कहत ते. उनसैं कै दो, परचा फिर चिपका दें. अबकी कोऊ फाड़ै तौ हम देख लैहैं."
त्र्यं. आले नव्हते. शुक्लजी माझ्याशी बोलत नाहीत.

१८ मे, गुरु
त्र्यं.चा बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. सही शनिवारी होईल असं हेडक्लार्क म्हणाला.
तक्ता पुन्हा लावा, हा रामसेवकचा निरोप माझ्याकडे. लक्ष्मी गेट सायकलनं वीस मिनिटं. सकाळी निघालो, सीपरी पुलाच्या चढावरून परतलो. आत्ता पाच वाजलेत. मालतीनं सायकल स्वतःच बाहेर काढून भिंतीला लावली आहे. म्हणाली, "यावेळी भाषण नको. पन्ह्याच्या आधी बोला."
त्यांच्यासमोर माझी टोपी घालून जावं की ती घरीच ठेवावी, एवढंच ठरत नाहीये.