तीन आठवड्यांचे दोन दिवस

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा मी चाकणच्या ज्या छोट्या शेडमध्ये लागले होते, तिथे आम्ही चाळीस जण मालकासकट एका टेबलावर डबा खायचो. आता चार शेड आहेत, त्यांतल्या मशीनवरची माणसं मी सांभाळते, आणि गेटवर कार्ड चाललं नाही तर वॉचमन मला ओळखत नाही. विजेच्या गाड्यांचे भाग करतो, मागणी थांबत नाही. पुनावळ्याचं घर या वाढीतूनच झालं, तेव्हा नुसती नावं ठेवणार नाही. पण माणसं इतक्या घाईने घेतली, की मशीनवर बसवण्याआधीचं तीन आठवड्यांचं शिक्षण दोन दिवसांवर आलं.

मी शिकाऊ असताना एकदा तुम्ही पहिल्या शिफ्टहून आला होता. आई भाकरी थापतेय, मी ओट्यापाशी उभी राहून तासाला किती नग काढले ते मिरवतेय. तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "नग नको सांगू. शेजारच्या मशीनवर कोण हाय, त्याला काम येतंय का, ते सांग." मी रुसून जेवलेच नव्हते.

गेल्या महिन्यात पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेसवर जालन्याकडच्या एका बाईच्या बोटाचं टोक गेलं. कामाचा चौथा दिवस. मी धावत पोचले तर तिने हात ओढणीत गुंडाळलेला. दुखतंय म्हणाली नाही. म्हणाली, "मॅडम, काढून टाकू नका हो मला."

तिला दवाखान्यात पाठवलं आणि सगळ्या प्रेस बंद केल्या. मॅनेजर ओरडला, "गाडी भरायचीय मॅडम, बाकीच्या तरी चालू द्या!" मी म्हटलं, "एकही नाही." मग मालकांचा फोन आला. "वाढतोय आपण, जरा सांभाळून घे."

"तेच करतेय साहेब."

नोकरी जाईल असं वाटलं होतं, गेली नाही. दोन दिवस प्रेस बंद ठेवून सगळ्यांना पुन्हा शिकवलं. तीन आठवडे परत आले. ती बाई आता तपासणीच्या टेबलावर बसते, मला पाहिलं की उभी राहते. मी बस म्हणते, तरी उभी राहते.

लोक कौतुक करतात, आणि प्रेस बंद केल्या ते बरोबरच केलं. पण हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून लिहिते. शिक्षण दोन दिवसांवर आणायचा कागद वर गेला, तेव्हा त्यावरची पहिली सही माझी होती. त्या बाईला मी हे अजून सांगितलेलं नाही.