लेकीच्या घरचा करंट

मुक्काम संग्रामपूर
(आपलं गाव धाड नव्हे. का ते पुढे कळेल.)

तीर्थस्वरूप ताना आक्का,

तुमच्या धाकट्या उकंडाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? उजवा गुडघा अजून कुरकुरतो की आता डाव्यानंही त्याच्याकडून शिकून घेतलं? दाजींचा खोकला कसा आहे? बिडी सोडली असं ते मला फोनवर सांगत होते, पण सांगताना मध्येच धूर सोडल्यासारखा आवाज आला म्हणून विचारतो. सूनबाई पुष्पांजलीची पाठ बरी आहे ना? म्हैस गाभण राहिली का? आणि तुमच्या दारातला तो म्हातारा कुत्रा, जो फक्त माझ्यावरच भुंकतो, तोही सुखरूप असेल अशी आशा करतो. (इथवर आदरानं लिहिलं. आता तोंडात बसलेलं ‘तू’ लिहितो, नाहीतर हात अवघडतो.)

आक्का, फोन न करता पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की फोनवर तू सगळ्याला ‘हाव हाव’ म्हणतेस आणि ठेवल्यावर दाजींना विचारतेस, ‘काय म्हनत होता तो?’ हे प्रकरण हाव हाव म्हणून भागण्यासारखं नाही. उद्या सकाळी इथून एक टेम्पो तुझ्या डोणगावला माल घेऊन जातो आहे, त्याच्या हाती हे देईन.

आपल्या हर्षलनं पुण्यात विजेवर चालणारी मोठी गाडी घेतली हे तुला माहीत आहे. पण त्याच्या सोसायटीवाल्यांनी खाली चार्जर लावू दिला नाही, म्हणून गाडी आली धाडला, माझ्या अंगणात. तो म्हणाला, बाबा, घरी चार्ज करा, किलोमीटरला रुपया-दीड रुपया पडेल. मी उभी हयात धाड-बुलढाणा जीप चालवून डिझेलच्या नावानं बोटं मोडलेला माणूस. मला वाटलं, आता स्वर्गच हाती आला. मात्र बिलात जसजसे युनिट वाढतात तसतसा दरही चढतो, हे त्यानं सांगितलं नाही. पहिलं बिल आलं तेव्हा तुझी भावजय अन्नपूर्णाबाई ते हातात धरून गाडीपुढे उभी राहिली, जसं काही गाडीनंच चोरून दूध प्यालं आहे. तेव्हापासून गाडीला वीज मोजून मिळते. आमच्याकडे जाडा प्लग एकच. पाण्याची मोटार लावायची झाली की गाडीच्या तोंडचा घास आधी निघतो.

आता मुद्द्याचं. अनुपमाला सातवा संपला, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून तिला न्यायला निघालो. हीच गाडी आणणं भाग होतं, कारण पोरीला सध्या डिझेलचा वास आला की आतडी बाहेर येतात. एसटी नाही, जीप नाही, तिला चालते ती एवढी एकच. सकाळी पाहतो तर गाडी अर्धीच भरलेली. (मोटार लावायला प्लग काढला, तो परत लावायचा राहिला. कोणाकडून, ते मी लिहीत नाही, ती बाजूलाच बसली आहे.) म्हटलं अर्धी तर अर्धी, वाटेत बघू.

वाटेत, खामगावच्या अलीकडे, एका ढाब्यावर चार्जर आहे. तिथं थांबलोही. पण आक्का, तिथं पैसे देऊन वीज मिळत नाही. आधी ॲप टाका, मग ओटीपी, मग त्या ॲपच्या पाकिटात आगाऊ पैसे भरा, आणि मग कळतं की दर घरच्या दुपटीच्या वर आहे. शिवाय गाडी तासभर खात बसणार, म्हणजे आपणही तासभर बसणार, आणि ढाब्यावर कोरडं बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोन कचोऱ्या, दोन चहा, परत दोन कचोऱ्या, हा सगळा विजेचाच खर्च धरायचा. मी जुना ड्रायव्हर. महागाचा पंप सोडून नुसत्या वासावर जीप पुढच्या स्वस्त पंपापर्यंत नेण्यात माझं नाव होतं. म्हटलं, पुढे सहदेवरावांचं घर आहेच, तिथं लावू. आणि निघालो. पण जीपचा काटा खाली टेकला तरी त्याच्या खाली थोडं डिझेल असतं, या गाडीत काट्याच्या खाली काहीच नसतं. शेवटी शेवटी एसी बंद, काचा बंद, आणि मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. संग्रामपूरला पोचलो तेव्हा गाडीनं जीव धरून ठेवला होता एवढंच. ढाब्यापर्यंत परत जाण्याएवढीसुद्धा वीज नाही.

आपले इवाई सहदेवराव, म्हणजे अनुपमाचे सासरे, मोठ्या मनाचा माणूस. गाडी दारात लागते न लागते तोच स्वतः वायर घेऊन आले. आणि अन्नपूर्णाबाई आडवी झाली.

तुला आठवतं ना, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं काही खायचं नाही, हे तूच तिला आपल्या अंगणात बसून सांगितलं होतंस? ती तर आली तेव्हापासून सोबत आणलेल्या दशम्यांवर आहे. पाणीसुद्धा घरून कॅनमध्ये. म्हणाली, “गाडीनं खाल्लं काय अन् आपन खाल्लं काय, एकच नाही का? पोरीच्या घरचा करंट पोटात घालून घरी जासान?” मी म्हटलं, करंट अन्न नव्हे. तर म्हणे, मंग बिल काऊन येते?



मी म्हटलं, युनिटाचे पैसे देऊन टाकू. सहदेवराव लाल झाले. “इवाई, माह्या दारात तुमची गाडी उपाशी उभी हाय, येणारा-जाणारा मले विचारून राह्यला, अन् तुम्ही मले करंटाचे पैसे देता? मी काय ढाबा टाकला का?” इहीनबाईंनी तर स्वयंपाकघरातून भांडी वाजवूनच मत दिलं. एका बाजूला यांचा मान, दुसऱ्या बाजूला हिचा नेम, मध्ये सामान बांधून बसलेली पोर, आणि दशम्या संपत आलेल्या. जास्त काय लिहू.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
उकंडा

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठी लिहिलं, की करंट खाण्यात धरत नाहीत, असं तू तुझ्या सहीनं लिहून टेम्पोवाल्याच्या हाती धाड. अन्नपूर्णाबाई माझं ऐकत नाही, देवाचं अर्धं ऐकते, तुझं मात्र पुरं ऐकते.

ता. क. २ (संध्याकाळी). वरचं राहू दे. पोरीनं सोडवलं. बसल्या बसल्या म्हणाली, “आई, गाडी कोनाच्या नावावर हाय? दादाच्या. मंग भाऊ बहिनीच्या घरी जेवत नाही का? भाऊबीजीले कायले येते मंग तो?” अन्नपूर्णाबाई म्हणाली, ताट आना. आक्का, खोटं वाटेल, पण अनुपमानं गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मग सहदेवरावांनी मानानं वायर खोचली. मी हर्षलच्या वतीनं ताटात ओवाळणी टाकली. ओवाळणी कोणाला परत करता येत नाही, तेव्हा सहदेवराव नुसते बघत राहिले. गाडी आता रात्रभर जेवेल.

ता. क. ३ (सकाळी). गाडी पोटभर जेवली. टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवतो आहे. आम्हीही पोरीला घेऊन निघतो. हे बाळंतपण तुझ्याशिवाय नको, म्हणून येत्या रविवारी तुला न्यायला डोणगावला येतो. येताना वाटेत कुठे चार्ज करणार नाही, गाडी उपाशीच आणतो. तिच्या कागदावर नाव हर्षलचं असलं तरी चालवणारा तुझा सख्खा भाऊ आहे, आणि ओवाळणी घरच्याच दरानं घालीन. तेव्हा तुझ्याकडे जाडा प्लग आहे की नाही, आणि तो कुत्र्याच्या बाजूला तर नाही ना, एवढं दोन ओळींत लवकर लिहून कळव.