खिशातला फ्यूज

मी, सरवरी जैनुद्दीन तांबोळी, वय सदुसष्ट, कोर्टातली निवृत्त टंकलेखिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहिते आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अक्षर थरथरते आहे ते आजाराने नाही, भीतीने.

१. माझा फ्लॅट मुलगा फैयाज व मुलगी सुमैरा यांना शरियतीप्रमाणे मिळावा. मात्र एक-तृतीयांश हिस्सा कुणालाही देण्याच्या माझ्या अधिकारात मागची खोली काष्टीच्या राहीबाईला हयातभर राहायला देते. पाहुणे आले म्हणूनसुद्धा तिला उठवू नये.

२. टाइपरायटर नात अलिझाला. कोर्टात साक्षी टाईप करायच्या आणि घरी येऊन याच यंत्रावर त्यांच्या रहस्यकथा करायच्या, अशी माझी वर्षे गेली. नावे-गावे बदलली की हात धुतले, असे वाटे. "बाईमाणसाने खून लिहू नयेत," म्हणणाऱ्या माझ्या दिरांना माझ्या सगळ्या कादंबऱ्या द्याव्यात. सातवी सोडून. ती पुन्हा छापू नये.

३. त्यातला मृत्यू खरा आहे. काष्टीच्या भीमाला विहिरीवरची मोटार दुरुस्त करताना शॉक लागला. त्याचा थोरला भाऊ गोरक्षनाथ याच्यावर खटला चालला. भीमाने पेटीतला फ्यूज काढलाच नव्हता, असे तो म्हणाला. पाहणारे कुणी पुढे आले नाही. तो सुटला. निकालाच्या दिवशी, शेजारच्या रानात खुरपायला असलेल्या राहीबाईने कोर्टाच्या आवारात माझा हात धरला.

"बाई, भीमानं फ्यूज काढून ठिवला हुता. थोरल्यानं तो गुपचूप खिशात घातला, अन् भीमानं वायर धरल्यावर पेटीत बसवला. म्या पाह्यलं. पन माजं नाव घेऊ नका."

नाव मी घेतले नाही. फ्यूज मात्र खिशासकट पुस्तकात घातला. वाचकांनी कल्पनाशक्तीचे कौतुक केले, ते मी मिरवले.

गेल्या मंगळवारी गोरक्षनाथ घरी आला. हातात पुस्तक, पान दुमडलेले. चहा घेतला.

"म्याडम, खिशाचं कोर्टात कुटंच आलं नव्हतं. कुनी सांगितलं?"

"कल्पना आहे माझी."

"व्हय? त्या दिवशी खुरपायला तिघीच हुत्या. इचारतो एकेकीला."

तो गेल्यावर लगेच फैयाजला गाडी काढायला लावली आणि राहीबाईला घेऊन आले. त्या तिघींपैकी एक वारली, दुसरी त्या दिवशी लवकर घरी गेली होती. हे त्याला कळायला किती वेळ लागणार? तेव्हापासून बेल वाजली की आम्ही दोघी बोलायच्या थांबतो.

४. माझ्या अकरा वह्यांत खरी नावे आहेत. माझे बरेवाईट झाल्यास फैयाजने त्या प्रकाशकाला नव्हे, पोलिसांना द्याव्यात. जिन्यावरून पडले, गॅसचा भडका झाला, स्कूटरला टेम्पो लागला, काहीही असो, अपघात म्हणून सोडून देऊ नये. असे अपघात मी स्वतः रचलेले आहेत. ते किती सोपे असतात, मला ठाऊक आहे.

५. आज अकरा वाजता वकिलांबरोबर पोलिसांत जबाब द्यायला जाते आहे. राहीबाईला म्हणाले, "तू घरीच थांब. मी सांगते सगळं."

ती पदर खोचत म्हणाली, "तुमी काय सांगनार, बाई? तुमी पाह्यलं न्हाई. तुमी निस्तं लिव्हलं."

ती चपला घालून दाराशी उभी आहे. म्हणून इथेच सही करते.

सरवरी जैनुद्दीन तांबोळी

आम्हा दोघांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यादेखत:
१. डॉ. ओंकार गुंजाळ
२. सहादेव लगड, शेजारी

सावेडी, अहिल्यानगर
१४ नोव्हेंबर २०२५, सकाळी सव्वादहा