खरेदीचा रकाना

२ जून, सकाळी ९.२०
कन्येच्या परदेशातल्या कॉलेजचं पत्र आलं. फी ९,४०० डॉलर. ३० तारखेच्या आत पोचली नाही तर सीट दुसऱ्याला. हातात अठ्ठावीस दिवस. घाबरायचं त्यांनी घाबरावं. माझ्याकडे वही आहे.

एकोणीस वर्षं रोज दुकान उघडण्याआधी कोपऱ्यावरच्या विदेशी चलनाच्या काउंटरचा फलक वाचतो आणि डॉलरचा खरेदीचा दर उतरवतो. दोन दशांश स्थळं. निळी शाई. दर पडला तर लाल. कोणी शिकवलं नाही, म्हणून नीट शिकलो. आजवर एकही डॉलर विकत घेतलेला नाही. अभ्यास आधी, व्यवहार मागून.

३ जून
४१.३५. एकोणीसपैकी चौदा वर्षं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दर उतरला आहे. जेवताना सगळ्यांना समजावलं. मेहुणा आला होता. म्हणाला, भाऊजी, वहीत लॉटरीचे नंबरही असतील तर बघा. सोडून दिलं. दशांश चिन्ह दिसलं की त्याला वाटतं कागदावर माशी बसली.

४ जून
४१.१०. लाल शाई! ही म्हणाली, अहो, मग आजच भरून टाकू की. म्हटलं, घसरण आत्ता कुठे सुरू झाली आहे. समासात लाल शाईनेच नोंद केली: थांबावं.
दुपारी ही बँकेत गेली. काय काम म्हणून विचारलं, तर म्हणे लॉकर. आमच्या लॉकरमध्ये दोन बांगड्या आहेत. दीड तास काय बघत बसली कोण जाणे.

६ जून
कन्येने फीचं विचारणं एकदम बंद केलं. मोठ्या बॅगेची चेन दुरुस्त करून आणली. विश्वास बसायला वेळ लागतो, पण बसतो.

११ जून
४१.८०. तात्पुरती चढण.
दुकानात एक फळवाला वजनकाटा घेऊन आला. आकडे त्याच्या बाजूला, गिऱ्हाइकाला नुसती काट्याची पाठ. चांगला झाडला त्याला. म्हटलं, बावीस वर्षं काटे दुरुस्त करतोय, आकडा कुणाच्या बाजूने वाचायचा ते आधी ठरवावं, मग माप करावं.

१७ जून
तिसरा आठवडा लागला. ४२.४०. मेहुण्याचा फोन: भाऊजी, वही उलटी तर धरत नाही ना?
संकल्प: मेहुण्याला भाव द्यायचा नाही.

२३ जून
४२.९०. दर न उतरलेली पाच वर्षं होती, त्यांतलं हे सहावं.
ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. टेन्शनमध्ये माणसं असं काहीतरी करतात. मला नीट झोप नाही. हे फक्त इथे.

२९ जून
४३.०५. उद्या भरतो. ४ तारखेपेक्षा डॉलरमागे १.९५ जास्त, गुणिले ९,४००, म्हणजे १८,३३०. हा आकडा पुन्हा लिहिणार नाही.

३० जून, दुपारी ३.५०
दर कालचाच. काउंटरवरच्या बाईंना हिशेबाची चिठ्ठी दिली. म्हणाल्या, काका, ४३.९५ लागेल. मी फलक दाखवला. खरेदी, ४३.०५. मी खरेदीच करतोय. त्या म्हणाल्या, काका, खरेदी म्हणजे आमची खरेदी. तुमचे डॉलर आम्ही घेतो तो भाव. तुम्हाला देतो तो शेजारचा, विक्रीचा.
शेजारचा रकाना. एकोणीस वर्षं तिथेच होता. मला वाटायचं, तो डॉलर विकायला येणाऱ्यांसाठी.
पुढे म्हणाल्या, पैसे तिकडे पोचायला दोन दिवस लागतात, मुदत आजची असेल तर कठीण आहे. पाणी देऊ का काका?
घेतलं.

त्याच दिवशी, ५.४०
लांबच्या रस्त्याने घरी आलो. वाक्य वाटेत पाठ केलं होतं. कन्येला म्हणालो, तुझी सीट गेली, माझ्यामुळे गेली. ती आईकडे बघायला लागली.
हिने फ्रीजवरच्या डब्यातून पावती काढली. ९,४०० डॉलर. भरल्याची तारीख ४ जून. स्वतःची मुदत ठेव मोडली होती. म्हणाली, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला एकोणीस वर्षं वाचून दाखवली असती. तुमचे पैसे राहू द्या, हिच्या खोलीच्या भाड्याला लागतील.
कन्या म्हणाली, बाबा, रोज सांगणार होते रे, पण तू सकाळी इतक्या उत्साहाने दर सांगायचास.
आत जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

१ जुलै
विचारांती: सबंध जूनमध्ये सर्वांत कमी दर ४ तारखेचा. माझ्याच वहीत लाल शाईने आहे. म्हणजे नकळत का होईना, हिने माझीच पद्धत वापरली. हिला हे समजावून सांगितलं. हिने चहा पुढे सरकवला आणि निवतोय म्हणाली.
समासातलं 'थांबावं' ब्लेडने खरवडलं. कागद फाटला.

२ जुलै
वही बंद. कायमची. आता फक्त काटे.

८ जुलै, सकाळी ११.१५
कन्या परवा निघणार. वरखर्चाला ५०० डॉलर रोख हवेत. हिने चिठ्ठी लिहून दिली: आजच आणा, फलक वाचत उभे राहू नका.
मान खाली घालून आत गेलो, मान खाली घालून बाहेर आलो. फलकाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.
विक्री ४२.१५.