रूपा नसताना मैदानात

२६ ऑक्टो., रविवार
रूपाला सकाळच्या कोल्हापूर गाडीत बसवून आले. नात माझी. बारा वर्षं हितल्या पोरींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन, आता एकोणतीस सरलं. तितल्या शाळंत पोरींना खेळ शिकवायची नोकरी लागली. महिनाभर बघणार, मग दोन वर्षांच्या कागदावर सही. स्टँडवर अख्खी टीम आलेली. गोलात उभी राहती ती नसरीन एवढी रडली की कंडक्टर म्हणला, "सासरला चाललीय काय?" मी म्हणले, "सासरला चालली असती तर एवढं कोण रडलं असतं."
पिशवीत चोवीस कडक भाकरी आन शेंगाचटणी दिली. कोल्हापूरवाल्यांना मटणाचं कळतं, कडक भाकरीचं काय कळतंय.
मी चौथी शिकलेली. नात मास्तरीण. आनंदानं आज दुपारीच दोनदा जेवले.

२९ ऑक्टो., बुध.
बॉलची गोणी माझ्या खाटंखाली असती. रूपा रोज पहाटं साडेपाचला खांद्यावर टाकून न्यायची. आज सहा वाजले तरी गोणी हितंच. शेवटी मीच ओढत नेली. (गुडघा. तेल लावायचं राहिलं.) बघते तर सात पोरी भिंतीवर बसून मोबाईल बघत्यात. म्हणले, "बॉल न्हाय तर काय खेळताय, गोट्या?" लक्ष्मी म्हणली, "अव्वा, गोणी ताई आणायची की."
म्हंजे बारा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं न्हाय की गोणीला दुसरा खांदा चालतो.
लक्ष्मी विणकराची पोर, घरात तेलुगू, मला अव्वा म्हणती. नसरीन दादी म्हणती. आपल्याला काय, हाक आली की ओ द्यायची. लक्ष्मी डावीकडनं पळती, वाऱ्यागत. पण मैदानात तोंडातनं शब्द निघंल तर शपथ.

४ नोव्हें.
आज पाचच पोरी. त्या बी कमरंवर हात ठेवून. बॉल आला की सगळ्या एकमेकींकडं बघत्यात. रूपा मागं उभी राहून वरडायची, "लक्ष्मी पुढं, नसरीन सरक." पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जायचं. मी घरात भाजी निवडत ऐकायची, कोण कुटं पळतंय ते कळायचं मला. आता मैदान कसं, गिरणी बंद पडल्यावर पेठ सुनी पडली तसं.
नसरीन म्हणली, "दादी, दीदी नै तो मजा नै."
मनात म्हणले, तिला असलं काय सांगू नका गं. पण सांगतातच. रोज फोन.

९ नोव्हें., रवि.
मॅच. पोरींनी डोकं चालवलं. रूपाला व्हिडिओ कॉल लावायचा, मी बाकावर फोन धरून बसायचं, ती कोल्हापुरातनं सांगणार. मला लई मोठं काम दिलं म्हणून इस्त्रीचं लुगडं नेसून गेले.
पहिला अर्धा तास फोन उलटा धरला. रूपाला मॅच दिसलीच न्हाय, माझं नाक दिसलं.
मग सरळ केला तर अजून इपरीत. थ्रो घ्यायचा असला तरी पोरगी पळत बाकाकडं. "ताई, मी घेऊ का ती घेऊ?" पंच दोनदा रागावला. मला म्हणला, "आजी, तुमी कोच हाय का?" मी म्हणले, "न्हाय, मी खांब हाय. फोन धरते." आन मग नसरीन गोलात उभी राहून फोनकडं बघतीय, रूपा काय म्हणती ऐकतीय, आन बॉल तिच्या मागं. असंच दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले.
शून्य-तीन.
रूपा फोनवर रडली. "आज्जी, माझ्यामुळं झालं. चोवीस तारखेला सही करत न्हाय. परत येते."
 

१३ नोव्हें., गुरु.
झोप न्हाय लागत. पोरीनं परत यावं असं कुटल्या आजीला वाटणार न्हाय? मला बी वाटतं. तिची खाट रिकामी बघवत न्हाय. पण तिचा तितला फोटो आलाय, शिट्टी गळ्यात, चाळीस पोरी समोर ओळीत. शेजारणींना दाखवून दाखवून बोटाचे डाग पडले काचंवर.
चादरीच्या कारखान्यात आमच्यात भागाबाई होती. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांत सगळ्यात जुनी. ती काम सोडून गेली तवा आमी सगळ्या तीन महिने हेच, भागाबाई असती तर, भागाबाई असती तर. धागा तुटला की हात थांबायचे. मग एकदा तीच भेटायला आली, दारात उभी. आमी म्हणलं, बसा, जरा हात लावा. तर म्हणली, "मी आत आले तर तुमी परत हात बांधून बसताल." आन चहा बी न घेता गेली. तवा राग आला होता तिचा मला. लई.

२३ नोव्हें., रवि.
मॅच. पोरी आल्या, "अव्वा, फोन."
मी म्हणले, "बॅटरी संपली."
खोटं. पोरींचे मोबाईल मॅचच्या दिवशी टीमबरोबर येणाऱ्या सरांकडं जमा असत्यात, म्हणून माझाच लागतो. फोन बंद करून पिशवीत, वर टॉवेल. या वयात खोटं बोलले. नसरीनचं तोंड उतरलं. "अब क्या करना?" मी म्हणले, "मला काय कळतंय त्यातलं. मी आपली बघायला आलेय."
मधल्या सुट्टीत शून्य-एक. पोरी गोल करून बसलेल्या, पाणी पितायत नुसत्या. मला वाटलं, म्हातारे, केलंस वाटोळं. हात पिशवीत गेला बी होता.
तेवढ्यात लक्ष्मी उठली. मुकी लक्ष्मी. नसरीनला तेलुगूत काय बोलली कळलं न्हाय, पण गोड न्हवतं. नसरीननं आपल्या भाषेत तसंच परत दिलं. मग सगळ्याच. तीन भाषांत भांडण. सर मधी पडायला निघाले, मी त्यांचा शर्ट धरला. म्हणले, "सर, बसा. भांडू द्या."
परत मैदानात गेल्या त्या वरडतच. नसरीन मागनं, "लक्ष्मी, आगे जा, मैं है ना." टाकीपर्यंत गेला असंल आवाज. शेवटी शेवटी लक्ष्मीनं डाव्या पायानं घातला. एक-एक.
गोल झाल्यावर एक बी पोरगी बाकाकडं बघंना. लई बरं वाटलं. जरा वाईट बी वाटलं.
संध्याकाळी रूपाचा फोन. "आज्जी, बॅटरी संपली होती?"
"व्हय की."
"आज्जी."
"न्हाय संपली. मी बंद केला."
 मग म्हणली, "गोल कुणी मारला?"
"लक्ष्मीनं."
"तिला पुढं जा कुणी सांगितलं?"
"नसरीननं."
  म्हणली, "तीन वर्षं सांगत होते मी त्या नसरीनला, मैदानात तोंड उघड म्हणून." हसली का रडली, फोनवर कळत न्हाय. म्हणले, "सही?" म्हणली, "उद्या अकराला बोलावलंय. मला बोलू नको काय आता." ठेवला.
माझ्यावर रागावली. रागावू दे. मी बी भागाबाईवर रागावलेच होते.

२४ नोव्हें., सोम.
गोणी पहाटंच कोण घेऊन गेलं, मला जाग बी न्हाय. अंगणात चपलांचे ठसे तेवढे.
पावणेअकरा. डाळ शिजत टाकली.
अकरा दहा. ये म्हणून तोंडापर्यंत येतं आन गिळते. जा बी म्हणवत न्हाय. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा चड्डी घालून मैदानात गेली तवा गल्लीतनं लोक काय काय बोलले, तवा मी म्हणले होते, पाय तिचे हायत. आज तेच मला गिळावं लागतंय.
अकरा पंचवीस. फोन वाजतोय. कोल्हापूरचाच. उचलते, ती म्हणंल तसं.