पाचवं कुसळ

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. अंगात घातला तेव्हा तुझ्या शिवणाच्या दुकानातल्या खडूचा आणि इस्त्रीचा वास आला, आणि तिथेच माझं चुकलं.

बेटावर माझं काम काय, हे तू शेजारणींना ‘चपला पुसते’ असं सांगतेस, आणि ते खरंच आहे. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे बूट, खिसे, मोजे मी ब्रशने झाडते, चिमट्याने बिया काढते. या नव्या बेटावर आपणहून काय रुजतं ते पाहायचं, म्हणून इथला नियम साधा आहे. वाऱ्याने, पाण्याने किंवा पंखांवर जे आलं ते राहील. माणसाबरोबर आलं ते उपटायचं, आणि ज्याच्यामुळे आलं तो पुढच्या बोटीने परत जाईल. सगळ्यांना झाडणारी मी, पण आईचं पार्सल कोण तपासतं? तसाच घालून आठवडाभर हिंडले.

काल उजव्या बाहीवर चार कुसळं सापडली. लोकर मात्र पाच ठिकाणी ओढली गेली आहे. आणि आज पाण्याच्या टाकीखाली, जिथे थेंब गळतो तिथे, गवताचं एक बारीक पातं वर आलेलं दिसलं. असं गवत या बेटावर नाही.

इथल्या मुख्य बाई सुट्टीवर आहेत, महिन्याभराने येतील. उपटलं तर कुणाला कळणार नाही. पण ते आपणहून आलेलं असेल तर? मी त्यावर बरणी पालथी घातली आहे. तू स्वेटर कुठे वाळत घातला होतास, एवढं आठवून कळव.

माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

२७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वाळत कुठेच घातला नव्हता. आपल्या घरची रीत विसरलीस का? विणणारीने नवा स्वेटर आधी आठ दिवस स्वतः घालायचा, लोकर मऊ झाली की मग ज्याचा त्याला द्यायचा. तोच घालून मी रोज दुकानामागच्या पडीक जागेतून घरी येत होते. तिथे कुसळंच कुसळं.

तुझं पाचवं माझ्याकडे आहे. पार्सल बांधताना हाताला टोचलं, ते काढून बटणांच्या डब्यात टाकलं. मला वाटलं, एकच आहे. पण मला चार दिसली नाहीत तर सहावंही सुटलं असेल, तेव्हा माझ्या मोजण्यावर जाऊ नकोस. दुकानातला दिवाच मंद झालाय, बदलायला सांगितलाय.

म्हणून मी काय केलं, तुझं पत्र आल्या दिवशी ते कुसळ कुंडीत खोचलं. आता बोटभर आलंय. चिमटीत धरून फिरवून पाहिलं. देठ गोल आहे, सुतळीसारखा, आणि पानावर बारीक लव. तू तुझं हाताने बघ. कापड डोळ्यांना फसवतं, बोटांना नाही, हे तुला लहानपणीच शिकवलंय.

तुझी थोरली बहीण म्हणते, नोकरी गेली तर बरंच, घरी तरी येईल. मी तिला गप्प केलं. पण वाटलं मलाही, खोटं कशाला बोलू. पुढे काय झालं ते लगेच कळव, तोवर घास उतरायचा नाही.

तुझी वाट पाहणारी,
आई

१९ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी जेवून घे. ते आपलं नाही.

तुझं पत्र ज्या बोटीने आलं त्याच बोटीने मुख्य बाई उतरल्या. त्यांचे बूट झाडता झाडताच सगळं सांगून टाकलं. त्या सरळ टाकीकडे चालू लागल्या. मी वाटेत तुझं पत्र वाचलं, बरणी उचलली आणि देठ चिमटीत फिरवला. तीन धारा लागल्या, आई. तीन स्पष्ट धारा, आणि पान काचेसारखं गुळगुळीत. बाईंनीही फिरवून पाहिला आणि तिथेच मातीत बसल्या. म्हणाल्या, हा लव्हाळा. लांब पायांची पाखरं वर्षातून दोनदा समुद्र ओलांडताना या टाकीपाशी पाणी प्यायला उतरतात. कुठल्या तरी दूरच्या काठाचा चिखल पायाला, आणि चिखलात हे बी. बेटावरचा पहिलाच. ‘तू उपटला असतास तर’, असं त्या दोनदा म्हणाल्या. आता त्याला कुंपण आहे आणि मला महिनाभर सगळ्यांचे बूट धुण्याची शिक्षा. बोटीत बसवलं नाही.

आता तुझी पाळी. कोटाचा एक उसवलेला टाका तुला रस्त्यापलीकडून दिसायचा. तुला चार कुसळं दिसली नाहीत, आणि पत्रातल्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसल्या आहेत. दिवा बदलून भागणार नाही. मी जगाच्या कपड्यांतली कुसळं वेचत बसले आणि घरातलं मुसळ मलाही दिसलं नाही. ताईला कळवलंय. तिच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. भांडू नकोस.

तुझ्या बोटांची ऋणी,
धाकटी

३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

भांडले, पण गेले. मोतीबिंदू होता, दोन्हीकडे. उजव्या डोळ्याचा काढला, पंधरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, वर्षभर अंदाजानेच शिवत होतात का? मी म्हटलं, तक्रार एकाही गिऱ्हाइकाची नाही.

पट्टी निघाली आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर ताईचे पांढरे केस. बिचारीने कधी सांगितलंच नाही. कुंडीतलं गवत आहे अजून. ते इथलंच, त्याला कोण हाकलणार? तुझ्या लव्हाळ्याला तुरा आला की कळव. आपणहून इतक्या लांब जाऊन रुजतं म्हणजे त्याला तिथे जमलं असणार, असं आता मी ताईलाही सांगते. घरी ये, असं यापुढे लिहिणार नाही. भेटायला ये, एवढंच.

आज तुझ्या स्वेटरची उरलेली लोकर काढली. एक गुंडा काळा आहे, दुसरा गडद निळा. म्हणजे तुझी एक बाही काळी आणि एक निळी आहे, आणि तू तो तीन महिने तसाच घालून हिंडतेस. पत्रात एक शब्द नाही. आईचं मन राखायला शिकलीस, पण कुठून, कुणास ठाऊक.

नवा विणायला घेतला आहे, दोन्ही बाह्या एका रंगाच्या. आठ दिवस घालीन, पण घरातल्या घरात. तरी पार्सल आलं की आधी झाड, आईचं असलं तरी.

प्रकृतीला जप, आणि आहे तशीच राहा.

तुझी,
आई