फाटकावरचा डबा

लातूर, रविवार संध्याकाळ

जुना तुरुंग आता तिकीट काढून बघता येतो, म्हणून आईला घेऊन गेलो. आंदोलनात धरलेले दादा, माझे वडील, तिथंच कैदेत होते. ते वारून सहा वर्षं झाली. आईनं भाकरी न् कारळाची चटणी डब्यात भरून घेतली. "कशाला गं? तिथं हॉटेल हाय की," मी खेकसलो. का खेकसलो मी?

फाटकावर तिनं शिपायाला भीत भीत विचारलं, "साहेब, डबा आत चालतो का?"

"हाव मावशी, न्या की."

ती तिथंच रडायला लागली. तेव्हा दर खेपेला याच फाटकावरून तिला डब्यासकट परत पाठवायचे.

दादांच्या कोठडीत तिनं डबा उघडून ठेवला. बराच वेळ बसली. मग झाकण लावलं.

डबा आत्ता ओट्यावर हाय. आजही भरलेलाच परत आला.